अर्धं दाबायचं बटण

बाबांचा स्टुडिओ आणि आमचं घर यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. रस्त्याच्या बाजूला फोटो काढायची खोली, तिच्या कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेली अंधारी खोली, आणि पडदा सारला की लगेच आईचा स्वयंपाक. त्यामुळे आमच्या घराला दोन वास असायचे. एक फोटो धुण्याच्या औषधांचा, आंबूस आणि नाकात बसणारा, आणि दुसरा तव्यावर भाजलेल्या जवसाचा. घाटंजीचा बाजार भरला की आसपासच्या खेड्यांतली माणसं सकाळीच येऊन ओट्यावर बसायची. नवी जोडपी, पहिलं लेकरू घेऊन आलेल्या बाया, अर्जाला लावायला फोटो पाहिजे म्हणून आलेले म्हातारे. पडद्याआड मी भाकरीचं पीठ मळत असायची आणि पलीकडून बाबांचा आवाज यायचा, "हालू नोका, श्वास घ्या, आता सोडा." मग बटणाचा खटका. तो खटका ऐकला की आईसुद्धा नकळत श्वास सोडायची, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

बाबांचा जुना कॅमेरा जड होता. डाव्या हातानं भिंगाभोवतीची कडी फिरवायची, आत दिसणारी दोन चित्रं एकावर एक बसली की उजव्या बोटानं बटण दाबायचं. त्या कॅमेऱ्यावर बाबांनी अर्ध्या गावाची लग्नं काढली होती. पण आमच्या समोरच्या चौकात एक नवा स्टुडिओ निघाला. त्याच्याकडे आपोआप नेम धरणारा कॅमेरा होता आणि लोकांना त्याचंच अप्रूप वाटायला लागलं. तेव्हा बाबा नागपूरला जाऊन तसाच एक वापरलेला कॅमेरा घेऊन आले. तो काळा, हलका आणि देखणा होता. त्यात कडी फिरवायची गरज नव्हती. चौकटीच्या मधोमध चेहरा आणायचा, बटण अर्धं दाबायचं, आत भिंग घरघर करून थांबायचं आणि 'पीप' असा बारीक आवाज यायचा. त्या अर्ध्या टप्प्यावर बोट तसंच धरून ठेवायचं, कॅमेरा पाहिजे तसा बाजूला फिरवायचा, आणि मग उरलेलं बटण दाबायचं. म्हणजे नवरी आणि नवरदेव दोघं घ्यायचे असले तर आधी एकाच्या चेहऱ्यावर नेम धरून ठेवायचा. तसं केलं नाही तर कॅमेरा दोघांच्या मधल्या फटीतून मागचा पडदाच पकडतो आणि माणसं धूसर येतात.

हे आज कोणाला सांगायला गेले तर हसतात. माझ्या भाच्याच्या फोनमध्ये चेहरा स्वतःच सापडतो, त्याभोवती पिवळी चौकट येते, आणि बोट कुठंही टेकवलं तरी चालतं. माझी पन्नाशी मागे पडली आहे, तरी अजून मी फोनवरसुद्धा बोट एकदम टेकवत नाही. आधी जरा थांबते.

नव्या कॅमेऱ्याचा सराव बाबा दुपारी अंगणात करायचे. समोर आई बसलेली असायची, सुपात तुरीचे दाणे निवडत. पीप व्हायचं, बाबा कॅमेरा थोडा फिरवायचे, खटका व्हायचा. कॅमेऱ्यात रोल नसायचा, त्यामुळे आई निवांत असायची. बाबा पूर्ण बाह्यांचा सदरा घालून असायचे, उन्हाळ्यातसुद्धा. आई म्हणायची, "बाह्या वर करा ना, घामानं भिजले तुम्ही." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांच्या उजव्या तर्जनीवर एक फोड होता, तो औषधाचा डाग आहे असं त्यांनी सांगितलं होतं आणि आम्ही ते मानलं होतं.

त्या कॅमेऱ्यावरचं पहिलं लग्न मंगलचं होतं. मंगल माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे वडील वामनकाका तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, बाबांचे जुने स्नेही. मंगलला बाभुळगावला दिलं होतं. नवरदेवाचं नाव प्रकाश आणि त्याचे वडील गुलाबराव. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. लग्न आमच्याच गावात, मंडपात झालं. बँड, भोंगा, पंगतीत वाढणाऱ्यांची हाकाटी. वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी, कढी. मी मंगलच्या मागेच उभी होते. बाबांचा चेहरा घामानं डबडबला होता आणि ते एकेक फोटो पुन्हा पुन्हा काढत होते, एवढं मला आठवतं. मला वाटलं, माझ्या मैत्रिणीचं लग्न म्हणून मेहनत जास्त घेत आहेत.

रोल धुवायला नागपूरला गेले आणि तिथून पाकिटं आली, तेव्हा बाबा ती घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले आणि जेवायलासुद्धा बाहेर आले नाहीत. दोघं एकत्र असलेल्या बहुतेक फोटोंत मागच्या कागदी झिरमिळ्या स्वच्छ दिसत होत्या आणि मंगल आणि प्रकाश धुक्यात उभे असल्यासारखे. जे फोटो स्वच्छ आले होते त्या सगळ्यांत चौकटीच्या मधोमध एकट्या मंगलचा चेहरा होता. कडेला प्रकाशचा कान, नाहीतर अर्धा फेटा. अल्बम रिकामा कसा द्यायचा म्हणून बाबांनी तेच फोटो त्यात लावले. वामनकाकांनी अल्बम चाळला आणि बाभुळगावला पाठवून दिला.

पुढं मंगल माहेरी आली तेव्हा ती आमच्या मागच्या दारानं आली. मी दगडावर कपडे धुत होते. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि बराच वेळ साबणाचं पाणी कसं वाहतं ते पाहत राहिली. मग तिनं सांगितलं की अल्बम सासरी पोचल्यापासून घरातलं वारं फिरलं आहे. येणारी प्रत्येक बाई तो पाहते आणि विचारते, फोटोवाल्याला नवरदेव दिसलाच नाही काय. सासू पहिल्यांदा हसली, मग हसायची थांबली. प्रकाश तिच्याशी कामापुरतंच बोलत होता.

"सासू म्हनते, त्या मानसाची आन तुही वळख कशी होती थे सांग," मंगल म्हणाली. "शालू, काकानं असं काहून केलं?"

माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. बाबांच्या बाबतीत असा प्रश्न कोणी विचारू शकतं आणि तो माझ्या तोंडावर विचारला जाऊ शकतो, हेच मला कळेना. मान वर होईना. आजही त्या दगडाची आठवण आली की मान खाली जाते. मी तिला एवढंच म्हणाले की मी पाहते. काय पाहणार होते ते मला ठाऊक नव्हतं. गावातही ते पोचलंच होतं. चौकातून जाताना माणसं बाबांना पूर्वीसारखाच रामराम करायची, पण रामराम झाल्यावर एकमेकांकडे पाहायची. बाबांना ते सगळं कळत होतं. ते उलटून एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्या गप्प राहण्याचाही लोकांनी अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी कॅमेरा आणून बाबांच्या हातात दिला आणि म्हणाले, मला हा शिकवा. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. स्टुलावर मी एक लोटा ठेवला होता, त्यावर त्यांनी नेम धरला. पीप झालं, कॅमेरा फिरला, खटका झाला. अगदी नीट. तेवढ्यात पडद्याआड आईनं रेडिओ लावला. ती कामाला बसली की मोठ्यानं लावायची. बाबांनी पुन्हा बटणावर बोट ठेवलं आणि एकदम खटका झाला. त्यांनी परत केलं, परत तेच झालं. तिसऱ्यांदा बोट बटणावरून निसटलं. मी त्यांच्या बोटाकडे पाहत होते. ते बोट दाबत होतं की नुसतं टेकलं होतं, हे बोटालाच माहीत नव्हतं.

"पीप आयकू आली की मी थांबतो," बाबा हळू आवाजात म्हणाले. "मंडपात बँड होता."

"आन बोटाले?"

"बोटाले काहीच लागत नाही, शालू. लय दिवस झाले."

मग त्यांनी उजवी बाही वर केली. कोपराच्या खाली फिकट, कोरडा चट्टा होता, तळहाताएवढा. बोटावरचा फोड औषधाचा नव्हता. गरम चहाचा पेला धरून बसले होते आणि भाजल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. त्यांना बऱ्याच आधी शंका आली होती. जुन्या कॅमेऱ्याला नेम डाव्या हाताचा आणि बटण नुसतं दाबायचं, त्यामुळे त्यात काही उघडं पडलं नाही. या नव्या बटणाला मात्र बोटाला कळणं लागत होतं.

मी आणि बाबा सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला सांगितले, पेनाच्या टोकानं हातावर ठिकठिकाणी स्पर्श केला आणि कुठं लागलं ते बोटानं दाखवा म्हणाले. चट्ट्यावर आणि त्या बोटावर त्यांनी कितीदा तरी स्पर्श केला आणि बाबा तसेच मिटल्या डोळ्यांनी वाट पाहत राहिले. ती वाट पाहणं मला बघवेना. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, कुष्ठरोग आहे, गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण होत नाही, घरात भांडीकुंडी वेगळी करायची गरज नाही. फक्त गेलेली जाणीव परत येईलच असं सांगता येत नाही. बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर त्यांनी गोळ्यांचं पाकीट आतल्या बनियनमध्ये सरकवलं.

आईला त्यांनी चुलीजवळच सांगितलं. तिनं तवा उतरवला, चूल विझवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. रडून झाल्यावर तिनं पहिली गोष्ट काय केली असेल तर बाबांचं ताट वाढलं, आमच्या सगळ्यांच्या ताटांच्या ओळीत. पण बाबा जेव्हा म्हणाले की बाभुळगावला जाऊन हे सांगावं लागेल, तेव्हा ती कळवळली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लोक आज जे बोलतात ते उद्या विसरतील, पण महारोगाचं नाव घराला एकदा लागलं की ते जात नाही. स्टुडिओत कोणी पाऊल टाकणार नाही.

"आन पोरीचं लगन कोन करन मंग?" तिनं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या दोन्ही गोष्टींची लाज वाटत होती, लोक जे खोटं बोलत होते त्याची आणि जे खरं होतं त्याचीही, आणि दोन्हींतलं एक निवडायचं होतं. बाबाच म्हणाले, "शालूचं पुढं पाहू. मंगलचं आज चालू हाये." सकाळी आईनं आम्हा दोघांना पोळी आणि चटणी बांधून दिली.

आम्ही एसटीनं आधी यवतमाळला आणि तिथून बाभुळगावला गेलो. गुलाबराव ओसरीवर बाजेवर बसले होते. प्रकाश दुकानातून जेवायला आला होता. मंगल आतल्या दाराशी दिसली आणि लगेच दिसेनाशी झाली. गुलाबरावांनी बसा म्हटलं, पण आवाजात बसवण्याचा भाव नव्हता. बाबा बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढून बाजेवर ठेवला आणि प्रकाशला म्हणाले की हातात घ्या, बटण जरा दाबा, पूर्ण नोका दाबू. प्रकाश वडिलांकडे पाहून, मग नाइलाजानं, तसं करायला लागला. पीप झालं.

"बोटाले काही लागलं?" बाबांनी विचारलं.

"हो. मधात अटकल्यासारखं होते."

"थे मले लागत नाही." बाबांनी उजवा हात पुढं केला. त्यांनी सांगितलं की आधी नवरीच्या चेहऱ्यावर नेम धरायचा आणि मग नवरदेवाला चौकटीत घ्यायचं, असं ते प्रत्येक वेळी करायला गेले, आणि प्रत्येक वेळी एकतर बोट नवरीवरच पूर्ण दाबलं गेलं, नाहीतर मध्येच निसटून नेम सुटला. "तुमच्या सुनेकडं मी पाह्यत नव्हतो, गुलाबराव. माह्या बोटाले थांबाचं समजत नव्हतं. मले महारोग झाला. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सुरू हायेत."

आतून मंगलची सासू चहा घेऊन आली होती, ती उंबऱ्यातच थांबली. तिनं बाबांच्या हाताकडे पाहिलं आणि कपबश्या तशाच घेऊन मागं फिरली. थोड्या वेळानं चहा आला तो सगळ्यांना कपात आणि बाबांना जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पेल्यात, बाहेरच्या हौदावर असतो तसल्या. तिनं तो त्यांच्या हातात दिला नाही, ओसरीच्या कडेला ठेवला. बाबांनी तो उचलला, सावकाश पूर्ण प्यायले, हौदावर जाऊन स्वतः धुतला आणि पालथा घातला. माझा चहा तसाच होता. प्रकाशच्या हातात अजून कॅमेरा होता. तो त्याला ठेवताही येईना आणि धरूनही राहवेना. शेवटी त्यानं तो माझ्याकडे दिला, बाबांकडे नाही.

आम्ही निघालो तेव्हा गुलाबराव उठून ओसरीच्या पायरीपर्यंत आले. "तुम्ही एवढं सांगाले नोको होतं," ते म्हणाले, आणि मग, "मंगलले आता कोनी काही बोलनार नाही."

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले होते, हात मांड्यांच्या खाली दाबून. ते म्हणाले की त्यांना वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मग आम्ही पोळी खाल्ली.

आईनं जे सांगितलं होतं तेच झालं. आम्ही घाटंजीला पोचायच्या आधी नाही, पण त्यानंतर लवकरच बातमी पोचली. त्यात गोळ्यांनी बाबांचा चेहरा काळवंडला, तांब्यासारखा झाला, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही दिसायला लागलं. लग्नाची कामं बंद झाली. बाजाराच्या दिवशी ओटा रिकामा राहायचा. जे कोणी यायचे ते विचारायचे, फोटो पोरगी काढन काय. म्हणून मी काढायला लागले. बाबा भिंतीशी उभे राहून सांगायचे आणि मी बटण अर्धं दाबून थांबायची. "धर, धर, आता फिरव," असं त्यांचं चालायचं. त्यांनी तेव्हापासून दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायची सवय लावून घेतली. गिऱ्हाईक असलं की ते हात पुढं येतच नसत. डॉक्टरांनी गोळ्या पूर्ण झाल्याचं सांगितलं, रोग गेला, चेहऱ्याचा रंगही हळूहळू परत आला. बोट तसंच राहिलं, आणि हात पाठीमागेच राहिले. माझं लग्न झालं, पण उशिरा, आणि दूरच्या गावात, जिथं आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. आमच्या यजमानांना मी आधीच सगळं सांगितलं होतं. त्यांच्या आईला मात्र ती गेली तोवर सांगितलं नाही. बाबांना जे जमलं ते मला जमलं नाही.

पण आता सांगते ते माझ्या लग्नाच्या आधीचं आहे. एका बाजाराच्या दिवशी सकाळी ओट्यावर मंगल आणि प्रकाश उभे होते. मंगलनं लग्नातला शालू नेसला होता आणि प्रकाशच्या डोक्यावर फेटा होता. रस्त्यावरची माणसं थांबून पाहत होती. मंगल म्हणाली की दोघांचा एकही धड फोटो घरात नाही, तो काढायचा आहे. आईनं पडद्याआडून पाहिलं आणि लगबगीनं चहा टाकला. मी दिवे लावले, दोघांना बाकावर बसवलं, आणि कॅमेरा डोळ्याला लावून मंगलच्या चेहऱ्यावर बटण अर्धं दाबलं. पीप झालं. मी कॅमेरा सावकाश फिरवून प्रकाशला चौकटीत घेतलं. फेटा एका बाजूला घसरला होता.

मी सांगणार तेवढ्यात प्रकाशच बोलला. माझ्याकडे नाही, भिंतीशी उभ्या असलेल्या बाबांकडे पाहून.

"काका, फेटा वाकडा झाला वाटते. जरा सरळ करून द्या ना."

दारात माणसं होती. बाबा हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी कॅमेरा खाली घेतला नाही. प्रकाश तसाच मान पुढं करून बसून राहिला. मग बाबांचे हात पाठीमागून पुढं आले, ते दोन पावलं टाकून गेले आणि त्यांनी फेट्याला हात लावला. त्यांच्या बोटांना कापड नीट लागत नव्हतं, म्हणून ते डोळ्यांनी पाहून, अंदाजानं सरळ करत होते, आणि तसं करताना त्यांचा तळवा प्रकाशच्या कपाळाला टेकला. माझं बोट अर्ध्यावरच होतं. मी उरलेलं बटण दाबलं.

त्यानंतर दोघांचे चांगले फोटो काढले, पण प्रिंट आल्या तेव्हा बाबांनी पहिल्यांदा तोच उचलला. मंगल हसते आहे, प्रकाश मान पुढं करून आहे, सगळं स्वच्छ, आणि चौकटीच्या कडेनं आत आलेला एक उजवा हात. बाबांनी तो फोटो पालथा ठेवला आणि मला म्हणाले, कात्री घे, हात कापून दे, बाकीचा चांगला आहे. मी कात्री घेतलीही होती. मंगल प्रिंट न्यायला आली होती, तिनं माझ्या हातातून फोटो काढून घेतला, सुलटा करून पाहिला, आणि पदरानं पुसून पिशवीत ठेवला.

"असाच पायजे," ती म्हणाली.